येतो-जातो बिघाड: तो गेला, हे कशावरून?

जळगाव किंवा धुळ्यातलं फ्लेक्स छपाईचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. मे महिना, पारा 45 च्या आसपास. मोठा प्रिंटर निम्मा बॅनर छापतो आणि संगणकाशी असलेलं नेटवर्क तुटतं. केबल बदलली, मशीन सुरू झालं. दोन तासांनी पुन्हा तेच. स्विचचा पोर्ट बदलला, पुन्हा सुरू. मेकॅनिक आला त्या संध्याकाळी मात्र एकदाही तुटलं नाही.

आता प्रश्न असा: केबल बदलल्यामुळे मशीन सुरू झालं, की ते तसंही सुरू होणारच होतं? संशोधनाच्या तयारीत असाल तर या प्रश्नापाशी थांबा. कायमचा बिघाड शोधणं त्या मानाने सोपं. सुटा भाग बदलला की उत्तर मिळतं. येतो-जातो बिघाडात प्रत्येक उपाय थोडा वेळ यशस्वी दिसतो. विज्ञानाच्या इतिहासात हा पेच वारंवार आलाय, आणि त्यातून सुटायची वाट बहुतेक वेळा एकच निघाली.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेल कंपनीच्या मेमरी चिप्समध्ये अधूनमधून एखादा बिट उलटायचा, 1 चा 0 व्हायचा. पुन्हा लिहिलं की तीच जागा ठणठणीत. म्हणजे चिप खराब म्हणावी, तर तपासणीत ती पास! टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी 1978 मध्ये कारण मांडलं. चिपच्या सिरॅमिक वेष्टनात युरेनियम-थोरियमचे अत्यल्प अंश होते, त्यातून निघणारे अल्फा कण चिपमधला विद्युतभार बिघडवत होते. पण नुसता तर्क सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी उघड्या चिपजवळ अल्फा स्रोत ठेवला, आणि चुका वाढल्या. क्वचित येणारा बिघाड त्यांनी मुद्दाम बोलावून दाखवला.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची. तिथे दूरच्या आकाशातून आल्यासारखे भासणारे विचित्र रेडिओ संकेत कित्येक वर्षं अधूनमधून नोंदले जात होते. त्यांना ‘पेरिटॉन’ नाव पडलं. गंमत म्हणजे ते बहुतेक कामाच्या वेळेत यायचे. आकाशाला जेवणाची सुट्टी कशी ठाऊक? 2015 मध्ये एमिली पेट्रॉफ (तेव्हा ती पीएचडीच करत होती) आणि सहकाऱ्यांनी नव्या उपकरणाने पाहिलं, तर पेरिटॉनच्या वेळी 2.4 गिगाहर्ट्झजवळही संकेत सापडला. संशय मायक्रोवेव्ह ओव्हनवर गेला. ओव्हन नेहमीसारखा चालवला, काहीच नाही. मग तो चालू असतानाच दार उघडलं, आणि दुर्बीण ठराविक दिशेला असताना पेरिटॉन हजर! पहिल्या चाचणीवर थांबले असते तर ओव्हन निर्दोष सुटला असता.

आपल्याकडे नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीला विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा त्रास होतो. तिथेही ओळख पटते ती वेळेवरून. वीज 50 हर्ट्झची, सेकंदाला 50 आवर्तनं. प्रत्येक आवर्तनात व्होल्टेज दोनदा शिखराला जातं, म्हणून हा गोंगाट दर 10 मिलिसेकंदांनी उसळतो. वरवर अचानक वाटणाऱ्या गोष्टीलाही वेळापत्रक असतं, ते असं.

आता दुकानातल्या बोर्डाकडे या. पहिलं काम नोंदीचं: वेळ, खोलीचं तापमान, फाइल केवढी होती, पोर्टवरचा दिवा विझला का. बिघाड दुपारीच येत असेल तर उष्णतेवर संशय घ्या. चिप आणि बोर्ड तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. रोजच्या तापण्या-निवण्याने सोल्डरच्या टाक्याला बारीक तडा जातो. दुसरं, वेग बदलून बघा. 1000 एमबीपीएसला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच. वेग कमी केल्यावर जोडणी टिकली, तर उरलेल्या दोन जोड्यांच्या वाटेवर संशय येतो. ती वाट केबलमध्ये असेल, सॉकेटमध्ये किंवा बोर्डावर. म्हणून काढलेली केबल फेकू नका; दुसऱ्या संगणकावर भर दुपारी तपासा.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. नेटवर्क चिपवर जपून गरम हवा सोडा: जोडणी तुटते का? थंड करा: परत येते का? हे चार-पाच वेळा हुकमी झालं, तर जागा सापडली. टाका नव्याने भरल्यावर पुन्हा तितकीच गरम हवा द्या. आता तुटलं नाही, तर दुरुस्ती झाली म्हणा. संध्याकाळच्या गारव्यात मशीन नीट चालणं हा पुरावाच नव्हे.

उद्या प्रयोगशाळेत तुमचंही एखादं उपकरण दोन दिवस रुसेल आणि तिसऱ्या दिवशी सुरू होईल. गाइडला ‘सर, झालं नीट’ सांगायची घाई होईलच. त्याआधी वहीत परिस्थिती लिहा आणि तोच बिघाड मुद्दाम आणता येतो का बघा. जो आणता येत नाही, तो गेलाय असं छातीठोकपणे सांगताही येत नाही.