डी ड्राइव्हला कशाला हात लावलास?

परवा ऑफिसात एका ज्युनियरने विचारलं, "सिस्टिम रिस्टोअर केलं तर डी ड्राइव्हवरचं पण जुनं होतं का रे?" आणि मला एकदम 2010 सालचं आमचं घर आठवलं.

मी सातवीत होतो. घरी असेंबल केलेला पीसी, त्यावर विंडोज एक्सपी, आणि डिस्कचे तेव्हाच्या रीतीप्रमाणे सी, डी, ई, एफ असे तुकडे. एक गेम टाकल्यावर मशीन रडायला लागलं, म्हणून मी गुपचूप आठवडाभर मागचा रिस्टोअर पॉइंट निवडला. मशीन सुधारलं. पण ताईच्या डिप्लोमा प्रोजेक्टची ईएक्सई फाइल डी ड्राइव्हवरून गायब! दोन दिवसांवर सबमिशन. गंमत म्हणजे तिचा रिपोर्ट आणि फोटो त्याच फोल्डरमध्ये शाबूत होते.

हे असं का झालं, ते कळायला मला इंजिनियर व्हावं लागलं. :)

ही सोय विंडोजमध्ये पहिल्यांदा आली ती 2000 साली, विंडोज एमईबरोबर. तिची सुरुवातच अडखळत झाली. 8 सप्टेंबर 2001 नंतर केलेले रिस्टोअर पॉइंट वापरून मशीन मागे जाईचना, शेवटी मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती काढली.

2001 च्याच ऑक्टोबरमध्ये एक्सपी आलं. त्यात फाइल सिस्टिमवर एक फिल्टर ड्रायव्हर पहारा देत बसायचा. ठराविक एक्स्टेन्शनची फाइल (ईएक्सई, डीएलएल वगैरे) बदलायला किंवा पुसायला गेलात, की तो आधी जुनी प्रत बाजूला ठेवायचा. ही प्रत ज्या त्या पार्टिशनवरच, 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जायची. म्हणजे गोदाम प्रत्येक ड्राइव्हचं वेगळं, पण रिस्टोअर पॉइंट सगळ्यांचा मिळून एक. सी वर पहारा बंद केला की सगळीकडेच बंद.

याला कारणही होतं. प्रोग्रॅम डी वर टाकला तरी त्याची रजिस्ट्रीतली नोंद सी वरच असते. एकालाच मागे नेलं तर दोघांचा मेळ बसणार नाही. म्हणून सगळे ड्राइव्ह एकदम मागे. त्या तारखेनंतर जन्मलेली ईएक्सई दिसली की ती काढून टाकायची, मग ती गेमची असो की ताईच्या प्रोजेक्टची! वर्डच्या फाइली आणि फोटो पहाऱ्याच्या यादीतच नव्हते, म्हणून वाचले.

2007 साली व्हिस्टा आलं आणि पद्धतच बदलली. आता फाइली नाही, तर डिस्कचे 16 केबीचे ब्लॉक बदलण्याआधी त्यांची प्रत ठेवायची (शॅडो कॉपी). त्यासाठी एनटीएफएस पाहिजे, एफएटी32 वाले पार्टिशन बाद. त्यात ज्यांनी एकाच मशीनवर एक्सपी आणि व्हिस्टा दोन्ही ठेवलं त्यांची वेगळीच पंचाईत. एक्सपी सुरू केलं की त्याला व्हिस्टाचे रिस्टोअर पॉइंट कळायचेच नाहीत, आणि ते पुसले जायचे. 2009 च्या विंडोज 7 मध्ये मुळातच फक्त विंडोजवाला ड्राइव्ह सांभाळला जायचा, बाकीचे तुम्ही स्वतः चालू करायचे.

म्हणजे ज्युनियरला माझं उत्तर काय? "कुठलं विंडोज आणि कुठल्या ड्राइव्हवर प्रोटेक्शन चालू आहे ते आधी बघ. आणि रिस्टोअर म्हणजे बॅकअप नव्हे, एवढं लक्षात ठेव."

राहता राहिली ताई. एक्सपीमध्ये 'शेवटचं रिस्टोअर रद्द करा' असा पर्याय होता. तो दाबला, मशीन पुन्हा रडायला लागलं, पण ईएक्सई परत आली. ताईने आधी ती सीडीवर घेतली, मगच माझा कान पिरगाळला.