सर्दी-फ्लूवर घरगुती उपाय: कशाने आराम पडतो, कुठे थांबायचे

पावसाळ्यात आमच्या देवरी भागात तापाचा रुग्ण आला की बहुधा एक वाक्य ऐकू येते, "सर्दीचाच ताप आहे डॉक्टर, काढा सुरू आहे." पुष्कळदा ते खरेही असते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. घरगुती उपायांनी हे दिवस सुसह्य होतात, आजार लवकर जात नाही. अँटिबायोटिकनेही जात नाही, म्हणून मेडिकलमधून ती मागून घेऊ नका.

खोकल्यासाठी मध चांगला. झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा दिल्यास मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो. पण एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घसा दुखत असेल तर कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या करा. आले-तुळशीचा काढा, हळदीचे दूध, पेज, वरणाचे पाणी यांपैकी जे आवडेल ते घ्या. खरा फायदा गरम पातळ पदार्थ पोटात जाण्याचा आहे. काढ्यात मिरे-सुंठ फार घातले तर ॲसिडिटी मात्र वाढते.

वाफेने नाक थोडा वेळ मोकळे वाटते, इतकेच. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजतात, त्यामुळे लहान मुलांना वाफ देऊच नका. त्यांच्या नाकात मीठ-पाण्याचे थेंब (सलाईन ड्रॉप्स) पुरतात. बाळाच्या नाकात तेल घालू नये, ते फुप्फुसात उतरू शकते. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, तो मुलांच्या हाती लागू देऊ नका.

फ्लूचा ताप एकदम चढतो, अंग मोडून येते, माणूस अंथरूण धरतो. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. तो विषाणू आता हंगामी फ्लूचाच भाग आहे. त्यावरचे औषध, ओसेल्टामिविर, पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास जास्त उपयोगी पडते. म्हणून गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी काढ्यावर दोन-तीन दिवस घालवू नयेत. त्यांनी फ्लूची लसही दरवर्षी घ्यावी. बाकी प्रतिबंध म्हणजे साबणाने हात धुणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे आणि चुलीचा धूर टाळणे.

आता आपल्या भागापुरते. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे. काढा पिऊन घाम येतो, ताप उतरतो आणि काढा लागू पडला असे वाटते. मलेरियाचा तापही असाच स्वतःहून उतरतो आणि पुन्हा चढतो. फॅल्सिपेरम प्रकारचा मलेरिया मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, आणि मलेरियातही थोडा खोकला असू शकतो. म्हणून येथे ताप आला की सर्दी असली-नसली तरी त्याच दिवशी रक्त तपासा. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. तोवर तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यूची शक्यता असल्याने ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा.

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याचा ताप घरी काढायचाच नाही. कार्ड घेऊन थेट दवाखान्यात या. अशा रुग्णांत जंतुसंसर्ग काही तासांत पसरू शकतो.

धाप, ओठ निळसर होणे, छातीत दुखणे, गुंगी, लघवी कमी होणे, किंवा बरे वाटून पुन्हा ताप चढणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. लहान मुलांत श्वास मोजा: दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल, अथवा छाती आत ओढली जात असेल, तर न्यूमोनिया असू शकतो. मोजताना मूल शांत असावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे.