जुलै २०२१ : दिवंगत मान्यवरांचे स्मरण

विविध क्षेत्रांत आयुष्य वेचलेल्या अनेक मान्यवरांना जुलै २०२१ मध्ये देवाज्ञा झाली. त्यांपैकी सहा जणांची नोंद आम्ही दिनांकानुसार देत आहोत.

५ जुलै – फादर स्टॅन स्वामी : झारखंडमधील आदिवासींच्या हक्कांसाठी झटलेले येशूसंघीय धर्मगुरू. एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक. आरोप त्यांनी नाकारले होते. कंपवाताने जर्जर अशा या ८४ वर्षांच्या वृद्धाचे, जामीन अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच, वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात निधन झाले. तोवर खटला सुरूही झाला नव्हता.

७ जुलै – दिलीपकुमार : मूळ नाव युसूफ खान. पेशावर येथे जन्मलेले, संयत अभिनयाचे श्रेष्ठ चित्रपट कलावंत.

१३ जुलै – यशपाल शर्मा : १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील फलंदाज. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध ६१ धावा.

१६ जुलै – दानिश सिद्दीकी : वृत्तछायाचित्रकार. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ मध्ये सहकाऱ्यांसह पुलित्झर पारितोषिक. अफगाणिस्तानातील युद्धाचे वार्तांकन करताना मारले गेले.

२८ जुलै – नंदू नाटेकर : सांगलीचे बॅडमिंटनपटू. १९५६ मध्ये परदेशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय.

३० जुलै – गणपतराव देशमुख : शेतकरी कामगार पक्षाचे नेते. सांगोल्यातून अकरा वेळा आमदार.

यांतील कोणाला शासकीय इतमामात निरोप मिळाला, तर कोणाला बंदिवासातच मृत्यू आला. मरणापुढे मानसन्मानाचा भेद उरत नाही. न्यायाचा प्रश्न मात्र मागे राहतो. या सर्वांना चिरशांती लाभो, हीच आमची प्रार्थना.