परतीचे दोर

विजयदुर्गच्या बंदरावर उभें राहून किल्ल्याकडे पाहिलें असतां पाहुण्याच्या मनांत प्रथम आंगऱ्यांचें आरमार उभें राहतें. गेल्या खेपेस आमच्याहि मनांत तेंच आलें. परंतु तटाच्या सांध्यांतून डोकावणारीं पिंपळाचीं रोपें दिसलीं आणि विचाराची दिशा पालटली. जिच्या पायथ्याशीं समुद्र आदळतो, त्या भिंतीचें बाहेरचें अंग साफ करावयास माणूस उतरावयाचा कसा? आणि उतरलेला माणूस सुखरूप वर यावयाचा कसा? मुंबईच्या उत्तुंग इमारतींच्या कांचा पुसणाऱ्यांचाहि प्रश्न हाच आहे.

उंच भिंत आणि दोर म्हटलें कीं महाराष्ट्रीय मनास सिंहगड आठवतो. १६७० सालीं तानाजी पडल्यावर मावळे मागें फिरूं लागले, तेव्हां सूर्याजीनें कड्यावरचे दोर कापून टाकले, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. आणि 'परतीचे दोर कापणें' हे शब्द आपल्या तोंडीं नित्य असतात. त्या रात्रीं दोर कापणें हेंच शौर्य होतें, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु युद्धांतील नीति शांततेच्या कामांत आणली म्हणजे अनर्थ ओढवतो, आणि तो आपण नकळत ओढवून घेत आलों आहों, असें आम्हांस वाटतें.

दोराची दुसरीहि एक विद्या विजयदुर्गानें पाहिली आहे. किल्ल्यापासून जवळच गिर्ये गांवीं मराठी आरमाराची सुमारें ३५० फूट लांबीची गोदी होती. गुराबांच्या व गलबतांच्या डोलकाठ्यांवर चढणें हें खलाशाचें रोजचें काम. त्यास चढण्याइतकीच उतरण्याचीहि चिंता. कारण वर गेलेला खलाशी परत आला नाहीं तर जहाज चालावयाचें कसें? पाश्चात्य नौकांवर तर दोराला फळी बांधून तिच्यावर माणूस बसवावयाचा व त्यास डोलकाठीवर ओढून घ्यावयाचें, अशी रीत होती. हीच फळी पुढें बंदरांतून शहरांत शिरली आणि रंगारी व खिडक्या पुसणारे यांचें आसन झाली.

शहरें उंच होऊं लागलीं तशी ही चिंता वाढली. शिकागो येथें १८८५ सालीं दहा मजल्यांची होम इन्शुरन्स इमारत उभी राहिली. पुढें न्यूयॉर्कमध्यें खिडकीच्या दोहों बाजूंस आंकडे ठोकून त्यांत कमरेचा पट्टा अडकवावयाचा आणि उंबऱ्यावर उभें राहून कांच पुसावयाची, ही पद्धत रूढ झाली. १९५२ सालीं तेथेंच एका साबणाच्या कंपनीनें लीव्हर हाऊस ही न उघडणाऱ्या कांचांची चोवीस मजली इमारत बांधली, आणि कांचा धुण्यासाठीं गच्चीवरून खालीं सोडावयाचा यांत्रिक पाळणाहि तिच्याबरोबरच योजिला. भिंत उभारतांनाच ती पुसणाऱ्याची सोय करावी, हा यांतील धडा.

जेथें पाळणा जात नाहीं तेथें दोरच लागतो. गिर्यारोहक व गुहासंशोधक यांच्या अनुभवांतून निघालेली पद्धत १९८० नंतरच्या दशकांत उत्तर समुद्रांतील तेलाच्या फलाटांवर सिद्ध झाली. तिचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें : दोर दोन, आणि त्यांचे आधारहि दोन. एकावर काम करावयाचें. दुसरा, पहिला तुटलाच तर, माणसास तोलून धरण्यासाठीं. कांठावर दोर घासूं नये म्हणून त्याखालीं गादी घालावयाची. बादली व ब्रश अंगाशीं बांधावयाचे. खालचा रस्ता बंद ठेवावयाचा. वारा वाढला कीं काम थांबवावयाचें. आणि अडकलेल्या माणसास सोडविण्याची योजना आधींच ठरलेली असावयाची. कारण निश्चेष्ट लोंबकळत राहणें हेंहि थोड्या मिनिटांत जिवावर बेतूं शकतें.

आतां आपल्याकडे पाहावें. एका दोराच्या फळीवर बसून विसाव्या मजल्याची भिंत रंगविणारा माणूस दिसला म्हणजे आपण मान वर करून म्हणतों, 'काय धाडस आहे!' या कौतुकांतच आपला दोष लपलेला आहे. ज्या कामास रोज धाडस लागतें, त्याची व्यवस्था कोणीतरी केलेली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. सूर्याजीनें दोर कापला तो समरप्रसंगीं; येथें दुसरा दोर बांधलाच जात नाहीं, तो चार पैसे वांचावे म्हणून.

ता. ११ जुलै २०२५ रोजीं विजयदुर्गाचा समावेश, इतर अकरा किल्ल्यांबरोबर, जागतिक वारशाच्या यादींत झाला. आतां तटाची निगा अधिक होईल, अशी आशा आहे. झाडाचें मूळ उपटून काढल्यास चिरे सुटतात; तें जपून कापावें लागतें व सांधा चुन्यानें भरावा लागतो. हें काम घाईचें नव्हे, म्हणून माणसास भिंतीवर पुष्कळ वेळ राहावें लागणार. त्याचे दोर जीर्ण चर्यांना न बांधतां आंतल्या बाजूस, पक्क्या आणि निरनिराळ्या आधारांना बांधावे. चिरा निखळला तर दुसरा बसवितां येतो. त्या किल्ल्याच्या इतिहासांत आतां एकाहि माणसाच्या पडण्याची भर पडूं नये, हीच आमची इच्छा आहे.