कवडी, हाली आणि पुतळी : तुळजापूरच्या परिसरातून दिसणारा बचतीचा इतिहास

तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातील कवड्यांची माळ आपण लोकसाहित्याच्या तासाला उपासनेचे चिन्ह म्हणून शिकवतो. ती तशी आहेच. परंतु कवडी हे एके काळी चलनही होते, आणि ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’, ‘कवडीचुंबक’ हे शब्द त्या चलनाने भाषेत मागे ठेवलेल्या खुणा आहेत. ग्रामीण माणूस, विशेषतः ग्रामीण स्त्री, सोने साठवते कारण तिला गुंतवणूक कळत नाही, असे विधान सुशिक्षितांच्या बोलण्यात सहज येते. या विधानामागे इतिहासाचे अज्ञान आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम कवडीच पाहू. कवड्यांचे चलन सर्वांत मोठ्या प्रमाणावर बंगालमध्ये होते. तो माल मालदीवहून येई. १७४० च्या सुमारास तेथे एका रुपयाला सुमारे २,४०० कवड्या मिळत. पुढच्या शतकात, १८३०-४० च्या दशकात, हा भाव सहा हजारांच्या वर गेला. ज्या घराने कवड्यांचा घडा जपून ठेवला, त्याची एकही कवडी चोरीस गेली नाही; तरीही रुपयाच्या हिशेबाने बचत निम्म्याहून खाली आली. चलनवाढ म्हणजे काय, हे समजावण्यास याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस सुचत नाही. साठवलेली वस्तू आणि साठवलेले मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तुळजापूरला हा धडा वेगळ्या रूपाने मिळाला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे हाली शिक्का चाले. जवळची मोठी बाजारपेठ सोलापूर. ती इंग्रजी अमलात, आणि तेथे कलदार रुपया. सात हाली म्हणजे ढोबळमानाने सहा कलदार. म्हणजे पन्नास किलोमीटरही दूर नसलेल्या बाजारात जाताना रुपयाचे मोल बदले. संस्थान गेले आणि १९५० नंतरच्या दशकात हाली शिक्काही चलनातून गेला. राज्य बदलले की नाणे बदलते, हे ज्यांनी एका आयुष्यात पाहिले, त्यांनी कोणत्याही राजाच्या मुद्रेवर अवलंबून नसलेल्या धातूवर विश्वास ठेवला, तर त्यास अडाणीपणा कसा म्हणावा?

या विश्वासाचे मूर्त रूप म्हणजे पुतळ्यांची माळ. ‘पुतळी’ हे नाव व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरील मनुष्याकृतींवरून आले. त्या नाण्याचे वजन आणि कस १२८४ पासून १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळजवळ अबाधित राहिला. पाच शतके न बदललेले नाणे आपल्या बायकांनी गळ्यात घातले, आणि गरजेला एकेक पुतळी काढून मोडता येईल अशी ओवले. मोल टिकणे आणि वेळेला ते हाती येणे, हे बचतीचे दोन्ही गुण त्या माळेत होते.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही केवळ गौरवगीत गाऊ. सोने व्याज देत नाही. आणि ते गहाण पडले की उलट व्याज खाऊ लागते. दरमहा शेकडा दोन या दराने, दरसाल व्याज मुद्दलात मिळवत गेल्यास, कर्ज सव्वातीन वर्षांत दुप्पट होते. त्याच रीतीने दरसाल सहा टक्क्यांनी ठेव दुप्पट व्हायला बारा वर्षे लागतात. चक्रवाढीची ही धार जुन्या धर्मशास्त्राने ओळखली होती. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येऊ नये, हा ‘दामदुपटी’चा नियम तिला घातलेला बांध होय.

त्याच धर्मशास्त्राची दुसरी बाजू मात्र आम्हांस अस्वस्थ करते. स्त्रीधनाची व्याप्ती वाढवणारी ‘मिताक्षरा’ टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली. ते कल्याणी म्हणजे तुळजापूरच्या पूर्वेस असलेले आजचे बसवकल्याण. पण ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर ती टीका आहे, तीच स्मृती सांगते की दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात वा बंदिवासात पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्यास तो बांधील नाही. ज्या प्रदेशात दुष्काळ पुन्हापुन्हा येतो, तेथे या अपवादाचा अर्थ काय होतो? घराचा संकटकालीन निधी स्त्रीच्या गळ्यात, आणि तो वापरण्याचा निर्णय दुसऱ्याच्या हातात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीची मालकी निर्विवाद केली; व्यवहारात ती किती पाळली गेली, हे १९७२ च्या दुष्काळात माळा मोडलेल्या घरांनाच विचारावे.

म्हणून १९९२ पासून नाबार्डने बँकांशी जोडलेले बचत गट आणि १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात वाढलेले महिलांचे गट आम्हांस महत्त्वाचे वाटतात. तेथील रक्कम लहान असते, पण पासबुकावर नाव तिचे असते. अर्थात कागदही तपासूनच घ्यावा लागतो : बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. पूर्वी पुतळी कसाला लावून घेत. ती सवय येथेही मोडू नये.

गुंतवणुकीची पुस्तके परतावा किती, असे विचारतात. इतिहास आणखी एक प्रश्न विचारतो : वेळ आली तेव्हा कोणाचे मोडले गेले, आणि कोणाला विचारून? ‘स्त्रीधन’ हा शब्द वर्गात उच्चारताना हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढीच आमची विनंती.