एक संगणक, दोन माणसे : जोडीने केलेल्या प्रोग्रामिंगच्या अभ्यासाचा इतिहास (थ्रेड)

१/ एकाच संगणकापुढे दोन प्रोग्रामर बसतात. एक कळफलक चालवतो, दुसरा प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून तपासतो. यास ‘पेअर प्रोग्रामिंग’ म्हणतात. एका कामावर दोन पगार खर्च करणे परवडते का? या प्रश्नाच्या शोधाचा हा इतिहास.

२/ पद्धत नावाहून जुनी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ‘एनिॲक’ यंत्रासाठी सहा स्त्रिया काम करीत. त्यांपैकी जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांनी तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित जोडीने यंत्रावर बसवले. एकीची चूक दुसरी हेरत असे. फेब्रुवारी १९४६ च्या प्रात्यक्षिकाने यंत्र गाजले. या स्त्रियांची नावे मात्र कित्येक दशके झाकोळलेलीच राहिली.

३/ १९९६ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या वेतनप्रणालीचे काम केंट बेक यांच्याकडे आले. तेथे घडलेल्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’ या कार्यपद्धतीत जोडीने काम करणे हा नियमच झाला. व्यवस्थापकांना ही उधळपट्टी वाटणे स्वाभाविक होते. वादाला पुरावा हवा होता.

४/ १९९८ मध्ये जॉन नोसेक यांनी १५ अनुभवी प्रोग्रामरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला : पाच जोड्या, पाच एकटे, एकच अवघड काम, ४५ मिनिटे. जोड्या सरस ठरल्या. पण नमुना फारच लहान होता.

५/ १९९९ मध्ये युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी ४१ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला : १३ एकटे, १४ जोड्या. जोडीला आरंभी सुमारे ६० टक्के अधिक श्रमवेळ लागला. एकमेकांची सवय झाल्यावर तो १५ टक्क्यांच्या आसपास आला. दोषही सुमारे १५ टक्के कमी आढळले.

६/ परंतु विद्यार्थी म्हणजे व्यावसायिक नव्हेत. २००७ मध्ये एरिक आरिसहोल्म व सहकाऱ्यांनी नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटनमधील २९५ व्यावसायिकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एकंदर श्रम ८४ टक्क्यांनी वाढले, तरी अचूकतेत लक्षणीय फरक दिसला नाही. गुंतागुंतीच्या प्रणालीत मात्र अचूक उत्तरे ४८ टक्क्यांनी वाढली. सर्वाधिक लाभ झाला तो नवशिक्यांना.

७/ येथे प्रश्नच बदलला. ‘जोडी परवडते का?’ याऐवजी ‘कोणत्या कामाला आणि कोणाला?’ असे विचारणे भाग पडले. सोप्या कामात दुसरा माणूस खर्च ठरतो. अवघड कामात, विशेषतः नवख्याच्या शेजारी, तोच आधार ठरतो. केवळ तासांचा हिशेब मांडणाऱ्या वहीत या आधाराला रकाना नसतो.