ओर्व्हाल आणि सडवा

परवा शनिवारी एक मित्र ब्रसेल्सच्या ऑनसाइटवरून परत आला. ऑनसाइटवरून येणारा माणूस चॉकलेटं आणतो, तशी त्यानेही आणली. पण सोबत टी-शर्टांत गुंडाळून दोन बाटल्याही आणल्या. बोलिंगच्या पिनसारखा आकार, लेबलवर तोंडात अंगठी धरलेला मासा, नाव ओर्व्हाल. "यात जंगली यीस्ट असतं," असं त्याने एखाद्या गुप्त गोष्टीसारखं सांगितलं आणि एक बाटली फोडली. दोघांत एकच, बरं का. (आईसाठी: खरंच एकच.)

पहिला घोट कडू. हा कडूपणा हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बिअरला कडवटपणा आणि वास देतात, आणि ती टिकायलाही मदत करतात. मागोमाग संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी. आणि घोट गिळून झाल्यावर मागून जो वास आला, त्याने मी थांबलोच. ओल्या गोठ्याचा, बैलाच्या गळ्यातल्या चामडी पट्ट्याचा, थोडा आंबूस.

"कशी वाटतेय?" मित्राने विचारलं.

"पांढरकवड्याची आठवण आली," मी म्हणालो. तो हसला. पण मी गंमत करत नव्हतो.

माझं गाव पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ. वडील झेडपीच्या शाळेत मास्तर. परीक्षा संपल्या की कधीकधी ते मला लुनावर मागे बसवून कोलाम पोडावर घेऊन जायचे. (पोड म्हणजे कोलामांची वस्ती.) एप्रिलमधली सकाळ, झाडाखाली पडलेली पिवळट, रसरशीत मोहफुलं, ती वेचणाऱ्या बाया आणि पोरं. आणि एखाद्या घरामागून हाच वास. तिथे मडक्यात मोह भिजत घातलेला असायचा. त्याला आमच्याकडे 'सडवा' म्हणतात. वडील लगेच लुनाचा वेग वाढवायचे. "तिकडे बघू नको," एवढंच म्हणायचे.

तर, मडक्यातल्या त्या वासाचा आणि बेल्जियमच्या बाटलीचा काय संबंध, हे शोधण्यात माझा अख्खा रविवार गेला.

आधी यीस्ट. माणूस हजारो वर्षं दारू करत आला, पण ती नक्की कोण करतं हे त्याला ठाऊक नव्हतं. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तिथून कारखान्याच्या बिअरला ठरलेलं यीस्ट, ठरलेली चव मिळाली. बाकीची सगळी यीस्टं 'जंगली' ठरली, म्हणजे आमच्या भाषेत बग. गंमत अशी, की त्याच कार्ल्सबर्गमधल्या क्लाउसेनने १९०४ मध्ये जाहीर केलं की इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरची खास चव अशाच एका जंगली यीस्टमुळे येते. त्याने त्याला 'ब्रेटॅनोमायसिस' म्हणजे 'ब्रिटिश बुरशी' असं नाव दिलं. बग नव्हता तो, फीचर होतं! लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरताना ते बिअरमध्ये हळूहळू काम करत राहायचं. गोठ्याचा वास त्याचाच.

इंग्लंडमध्ये पुढे हे यीस्ट मागे पडलं. बेल्जियममध्ये मात्र टिकलं. ब्रसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर करतात. तिचं गरम पाणी रात्रभर उघड्या, पसरट हौदात गार होऊ देतात आणि हवेतून, लाकडातून जे यीस्ट येईल त्याच्यावर सोपवतात. मग ती पिंपात एक-दोन-तीन वर्षं. ओर्व्हालचं थोडं वेगळं आहे. दक्षिण बेल्जियममधल्या ख्रिस्ती मठाची ही ब्रुअरी १९३१ मध्ये सुरू झाली. ते आधी नेहमीच्या यीस्टने बिअर करतात, मुरताना पुन्हा हॉप्स घालतात आणि बाटलीत भरताना ब्रेटॅनोमायसिस टाकतात. त्यामुळे ताजी बाटली कडू लागते आणि जुनी झाली की गोठा पुढे येतो. अल्कोहोल ६.२ टक्के. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमची बिअर संस्कृती मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली.

आता सडवा. मोहफुलात साखर भरपूर. वाळलेल्या फुलात तर निम्म्याहून जास्त. ती फुलं पाण्यात घातली की वेगळं यीस्ट घालावं लागत नाही. फुलावर, मडक्याच्या आतल्या भिंतीवर जे बसलेलं असतं तेच कामाला लागतं. काही दिवसांत मडकं बुडबुडायला लागतं. इथपर्यंत सडवा आणि लँबिक अगदी चुलतभाऊ. पुढे फरक पडतो. सडवा चुलीवर चढवून त्याची वाफ वरच्या भांड्यातल्या गार पाण्याने थंड करतात आणि थेंब थेंब दारू गोळा करतात. बिअर गाळून होत नाही, ही होते. म्हणून ती कितीतरी कडक. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि मोह म्हणजे फक्त दारू नव्हे. गोंड-कोलामांच्या घरी देवाला तिचा थेंब आधी जातो, जन्मापासून मयतापर्यंत ती लागते, हे खरंच. पण टंचाईच्या वर्षी हीच फुलं पोटात गेली आहेत. बियांचं तेल निघतं. फुलं बैलांना घालतात. एका झाडावर घर चालतं म्हणा ना.

मग हे झाड पोलीस केसमध्ये कसं आलं?

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. आमचा जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने 'वूण' म्हणून ओळखला जायचा. 'यवतमाळ' हे नाव १९०५ चं. इंग्रजांच्या अबकारीचं सूत्र साधं होतं: दारू गाळायचा आणि विकायचा हक्क सरकारचा, आणि सरकार तो लिलावात देणार. जो जास्त बोली लावेल तो मक्तेदार. म्हणजे ज्याच्या अंगणात झाड, ज्याच्या चुलीवर मडकं, तो गुन्हेगार. आणि बाहेरून आलेला, दुकान टाकून बसलेला माणूस कायदेशीर. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. तिथे उरणच्या मोठ्या भट्ट्यांत कंत्राटदार मोहाचीच दारू गाळत होते, आणि तिला स्पर्धा नको म्हणून कोकणातल्या गावठी भट्टीवर धाडी पडत होत्या. १८९२ मध्ये तर थेट मोहफुलांवर कायदा झाला: फुलं किती बाळगायची, कशी विकायची यावर बंधन. दारूवर नाही हो, फुलावर!

इथे 'इंग्रजांनी महसुलासाठी केलं' असं म्हणून विषय संपवायचा मोह होतो (शब्दश्लेष आपोआप झालाय). पण इंग्रज गेल्यावर काय झालं? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर पुढे तोच आम्हालाही लागू झाला. त्यातही मोहफुलं होतीच: साठा, विक्री, वाहतूक, सगळ्याला परवानगी. उद्देश बदलला, फुलावरचा हात तोच. फुलं गोळा करण्यावरची आणि नेण्या-आणण्यावरची बंधनं महाराष्ट्र सरकारने उठवली ती २०२१ मध्ये. सडवा गाळणं आजही गुन्हाच आहे. स्थानिक पेपरात महिन्या-दोन महिन्यांनी बातमी असते: 'मोहाचा सडवा नष्ट'. सोबत फोटो. ओतून दिलेलं पाणी आणि फुटलेली मडकी.

आता तुम्ही म्हणाल, बेल्जियममध्ये दारूचा त्रास नव्हता का? होता, चांगलाच होता. तिथल्या कामगार पक्षाचे नेते एमिल व्हँडरवेल्ड यांनी १९१९ मध्ये कायदा आणला. गाळलेली कडक दारू गुत्त्यात विकायला बंदी, आणि दुकानातून घ्यायची तर एकदम दोन लिटर, म्हणजे मजुराला परवडणारच नाही. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. पण त्याने बिअरला हात लावला नाही. उलट लोक जरा कडक बिअरकडे वळले, आणि मठांच्या, गावोगावच्या छोट्या ब्रुअऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं. त्यांनी गाळलेली आणि आंबवलेली यात फरक केला, आणि करणाऱ्याचा करण्याचा हक्क काढून घेतला नाही. आपल्याकडे कायद्याची सुरुवातच तो हक्क काढून घेण्यापासून झाली.

जवळचं उदाहरण हवं तर गोवा. तिथेही काजूच्या बोंडांचा रस कुणी यीस्ट न घालता आपोआप आंबतो. फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला, २०१६ मध्ये गोव्याने तिला वारसा पेय म्हटलं. कारण तिथे करणारा टिकला होता.

एवढं सगळं डोक्यात घेऊन रविवारी रात्री मी आईला फोन लावला. मोठ्या उत्साहात सांगितलं की आपल्या मोहालाही असा मान मिळायला हवा, यवतमाळच्या नावाने बाटली निघायला हवी वगैरे. ती ऐकत राहिली. आई यवतमाळला कलेक्टर कचेरीवर दारूबंदीच्या मोर्चात गेलेली बाई आहे. शेजारच्या वर्धा, गडचिरोलीत बंदी. चंद्रपूरलाही २०१५ ते २०२१ होती. मग आमच्याकडे का नाही, हा तिचा साधा प्रश्न. मामाच्या गावात आडव्या बाटलीसाठी मतदान झालं तेव्हा ती घरोघर फिरली होती.

"आपला सालदार आठवते तुले?" तिने विचारलं.

आठवत होता. मामाच्या शेतावरचा. मला खांद्यावर बसवून बोरं पाडून द्यायचा. चाळिशीच्या आत गेला.

"त्यानं मोहाची नाही पेली. देशीच्या दुकानातली पेली. अन् ते दुकान सरकारमान्य होतं, बोर्ड होता त्याच्यावर."

"तेच तर मी म्हणतोय आई! सणाला घरी होणारी वस्तू बंद केली आणि रोज मिळणारी दुकानात ठेवली..."

"थांब. मोहाची असती तरी तो मेलाच असता. गूळ, नवसागर टाकून काढतात आता, तीही तू मोहाचीच म्हनशील. तुह्या पुस्तकात त्याच्या बायकोचं काय लिवलं आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. युनेस्कोच्या यादीचा तिला उपयोग नाही. आणि तरी मला वाटतं की आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो. तिचा राग त्या दुकानावर आहे, आणि ते दुकान त्या लिलावातूनच आलं. पोडावरच्या बाईच्या हातून मोह सुटला, तो मक्तेदाराकडे गेला, तेव्हा तिच्याकडून 'आज बास' म्हणायचा अधिकारही गेला. घरच्या मडक्यावर तो तिचा होता. दुकानाच्या काउंटरवर तिला उभं राहता येत नाही, म्हणून मोर्चा काढावा लागतो. उद्या मोहाची महाग बाटली कारखान्यात निघाली आणि पुण्यातल्या माझ्यासारख्याने ती शनिवारी फोडली, तर पोडावर नेमकं काय बदलेल? लिलावात बोली लावणारा नवा, एवढंच. मान द्यायचाच तर तो फूल वेचणाऱ्यापासून सुरू व्हायला हवा. बाटली नंतर.

आईला हे सगळं सांगितलं नाही. तिनेच विषय बदलला. "चैतात ये. फुलं पडतीन. वाळवून भाजली का लाडू होतात, आजी करे. शिकून घे."

दुसरी बाटली अजून कपाटात आहे. मित्र म्हणतो ठेव, जितकी जुनी होईल तितका गोठा पुढे येईल. मी मार्च अखेरची चार दिवसांची रजा टाकली आहे. मॅनेजरला कारण 'फॅमिली फंक्शन' असं दिलंय.